बारा आणि एकवीस : २००८ सालच्या दोन कॅमेऱ्यांचा इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा जेत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र आधी आले, कोणते अधिक खपले, कोणी कोणाला बाजारातून उठवले, एवढे सांगितले की विषय संपला असे मानण्याची प्रथा आहे. कॅमेऱ्यांच्या बाबतीत ही प्रथा जरा जास्तच बळावलेली दिसते. दोन कॅमेरे शेजारी ठेवावेत, आकड्यांचा तक्ता मांडावा, प्रत्येक ओळीत कोणाचा आकडा मोठा ते पाहावे आणि शेवटी गुण मोजून निकाल द्यावा, ही रीत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे.

प्रस्तुत लेखात आम्हीही दोन जुन्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांची तुलनाच करणार आहोत. मात्र त्यांतील श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच वर्षी, अवघ्या अकरा आठवड्यांच्या अंतराने, साधारण एकाच किमतीला, एकाच आकाराचा सेन्सर वापरून दोन कॅमेरे बाजारात आणावेत आणि तरीही ते एकमेकांपासून इतके वेगळे असावेत, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. निकॉन डी७०० आणि कॅनन ५डी मार्क २ ही ती जोडी होय. या दोहोंमधील फरकाच्या मुळाशी छायाचित्रणातील एक जुना मतभेद आहे, आणि तो मतभेद पुढे ज्या रीतीने मिटला त्याची किंमत छायाचित्रकारांना मोजावी लागली, असे आमचे मत आहे.

छत्तीस बाय चोवीस

प्रथम थोडी पार्श्वभूमी. एसएलआर म्हणजे सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्समधून आत आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून वर जातो आणि पंचकोनी लोलकातून फिरून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा क्षणभर उघडतो आणि तोच प्रकाश मागील फिल्मवर उमटतो. फिल्मच्या जागी सेन्सर बसवला की कॅमेरा डिजिटल होतो, इतके हे तत्त्वतः सोपे. कोडॅक कंपनीने १९९१ साली नेमके हेच केले. निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडला आणि चित्रे साठवण्यासाठी एक स्वतंत्र पेटी दिली. ती खांद्याला अडकवून हिंडावे लागे.

खरी अडचण होती ती सेन्सरच्या आकाराची. फिल्मच्या एका चित्राची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. ऑस्कर बारनॅक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली विक्रीस आला आणि त्याने ही चौकट रूढ केली. एवढ्या आकाराचा सेन्सर बनवणे अतिशय महाग पडे. सिलिकॉनच्या एका चकतीतून असे तुकडे थोडेच निघतात, आणि तुकडा जितका मोठा तितकी त्यात दोष निघण्याची शक्यता अधिक. म्हणून निकॉनने १९९९ साली डी१ हा २.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला तेव्हा त्यात सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचाच सेन्सर बसवला. त्यामुळे २४ मिलिमीटरची रुंद कोनाची लेन्स या कॅमेऱ्यावर ३६ मिलिमीटरसारखी वागू लागली. पक्ष्यांची आणि खेळांची छायाचित्रे काढणाऱ्यांना दूरचे जवळ दिसू लागल्याने आनंद झाला. निसर्गदृश्ये आणि वास्तू टिपणाऱ्यांचे मात्र जणू अंगण कमी झाले.

कॅननने २००२ साली ईओएस १डीएस हा ११ मेगापिक्सेलचा पूर्ण चौकटीचा कॅमेरा आणला, पण तो सुमारे आठ हजार डॉलरचा होता. ऑगस्ट २००५ मध्ये आलेल्या कॅनन ५डीने ही किंमत ३,२९९ डॉलरवर आणली. १२.८ मेगापिक्सेलचा हा कॅमेरा हौशी माणसाच्या हातात मावणारा होता. फिल्मच्या काळातील लेन्स आता पूर्वीसारख्याच 'दिसू' लागल्या. निकॉनकडे याला दोन वर्षे उत्तर नव्हते. ते आले ऑगस्ट २००७ मध्ये, डी३च्या रूपाने, आणि येथेच आपल्या कथेला आरंभ होतो. त्याच महिन्यात कॅननने १डीएस मार्क ३ जाहीर केला. चौकट दोन्हींची एकच. परंतु कॅननने तिचे २१.१ दशलक्ष तुकडे केले आणि निकॉनने केवळ १२.१ दशलक्ष. एकाने बारीक चाळणी घेतली, दुसऱ्याने जाड. निकॉनचा प्रत्येक पिक्सेल सुमारे साडेआठ मायक्रॉन रुंद होता, तर कॅननचा सुमारे ६.४ मायक्रॉन.

हे दोन्ही कॅमेरे वृत्तसंस्था आणि मोठे स्टुडिओ यांनाच परवडणारे होते. पुढच्या वर्षी हाच फरक सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात आला. १ जुलै २००८ रोजी निकॉनने डी३चाच सेन्सर लहान देहात बसवून डी७०० जाहीर केला. अमेरिकेतील किंमत सुमारे ३,००० डॉलर. १७ सप्टेंबर २००८ रोजी कॅननने २१.१ मेगापिक्सेलचा ५डी मार्क २ जाहीर केला. किंमत २,६९९ डॉलर. म्हणजे जी बारकाई आदल्या वर्षी आठ हजारांना मिळत होती ती एक तृतीयांश पैशांत मिळू लागली.

हात सैल कोठे, आखडता कोठे

एखादा कॅमेरा घडवणाऱ्याने कोठे हात सैल सोडला आणि कोठे आखडता घेतला, हे पाहिले की त्याच्या मनात कोण छायाचित्रकार होता हे उमगते.

निकॉनने हात सैल सोडला तो फोकस आणि वेग यांवर. डी७००मध्ये डी३सारखीच ५१ बिंदूंची स्वयंचलित फोकस यंत्रणा होती. कॅमेरा सेकंदाला ५ चित्रे काढी, आणि खाली जोडावयाची बॅटरीची मूठ व तिच्यात योग्य ती बॅटरी घातली की ८. शरीर मॅग्नेशियम मिश्रधातूचे आणि पावसाधुळीपासून बऱ्यापैकी सुरक्षित. माथ्यावर लहानसा फ्लॅश होता. तो स्वतः फारसा उजेड पाडत नसला तरी खोलीत इतरत्र ठेवलेल्या निकॉनच्या फ्लॅशना विनातार हुकूम देऊ शके. हात आखडता घेतला तो मेगापिक्सेलच्या बाबतीत, आणि चलच्चित्रण तर मुळीच दिले नाही.

कॅननने नेमके उलट केले. चित्र ५,६१६ बाय ३,७४४ पिक्सेलचे. निकॉनचे ४,२५६ बाय २,८३२. येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. एकवीस हे बाराच्या पावणेदोनपट आहेत हे खरे, परंतु चित्राची लांबी व रुंदी वाढते ती प्रत्येकी एक तृतीयांशानेच. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या नेहमीच्या मापाने निकॉनचे चित्र सुमारे १४ इंच रुंद छापता येई आणि कॅननचे सुमारे पावणेएकोणीस इंच. फोकसचे बिंदू मात्र नऊ, शिवाय न दिसणारे सहा साहाय्यक. त्या नवांपैकी फक्त मधला बिंदू आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा, आणि ही सारी व्यवस्था २००५च्या ५डीवरून जवळजवळ तशीच उचललेली. वेग सेकंदाला ३.९ चित्रे. अंगचा फ्लॅश नाही.

तात्पर्य, निकॉनने असा माणूस कल्पिला होता ज्याला क्षण निसटण्याची धास्ती आहे, आणि कॅननने असा, ज्याला तपशील निसटण्याची.

दोन घराणी

या दोन धास्ती डिजिटल युगात जन्मलेल्या नाहीत. गंमत अशी की १९३२ या एकाच वर्षी दोहोंची ठळक उदाहरणे सापडतात. त्या वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील डी यंग संग्रहालयात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या मित्रांच्या मंडळाचे पहिले प्रदर्शन भरले. मंडळाने नाव घेतले होते 'एफ/६४', म्हणजे लेन्सचे अतिशय लहान छिद्र. ते वापरले की पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरील शिखरापर्यंत सारे रेखीव येते. कॅमेरा तिपाईवरचा, काळ्या कापडाखाली डोके घालून पाहावयाचा. निगेटिव्ह वहीच्या पानाएवढी. चित्र काढण्यापूर्वीच ते कसे छापले जाणार हे मनाशी पाहावे, ही अ‍ॅडम्स यांची शिकवण.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये सँ-लाझार रेल्वेस्थानकामागे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या एका माणसाचे छायाचित्र घेतले. माणसाची टाच पाण्याला टेकायला तिळभर अवकाश आहे. ही आकृती किंचित पुसट आहे, आणि कडेला कुंपणाचा भाग आल्याने चित्र कातरावेही लागले. तपशिलाच्या कसोटीवर हे छायाचित्र सदोष ठरेल. तरीही विसाव्या शतकातील अत्यंत गाजलेल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावावरून 'निर्णायक क्षण' ही संज्ञा रूढ झाली ती याच प्रकारच्या कामासाठी.

गायकीत जशी घराणी असतात तशी ही छायाचित्रणातील दोन घराणी म्हणावयास हरकत नाही. एकात स्थैर्य, पूर्वविचार आणि पृष्ठभागांविषयीचे प्रेम. दुसऱ्यात चापल्य, अदमास आणि घटनेविषयीची ओढ. आजवर या घराण्यांची वाद्येच वेगळी होती, त्यामुळे तंटा उद्भवत नसे. तिपाईवरचा मोठा कॅमेरा आणि खिशातला लायका यांची तुलना करण्याची कोणाला गरज भासली नाही. २००८ साली मात्र दोन्ही घराण्यांना एकाच आकाराचे, एकाच घडणीचे आणि एकाच किमतीचे वाद्य मिळाले. दोहोंतून एक निवडताना घेणाऱ्याला आपले घराणे कोणते, हे स्वतःशी कबूल करणे भाग पडले.

कोणत्या कामाला कोणता

लग्नाचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडील बहुसंख्य व्यावसायिकांची रोजीरोटी तेथेच आहे. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट बाजूला होतो, माळा पडतात, अक्षता उडतात. हा सारा प्रकार काही सेकंदांत आटोपतो आणि 'पुन्हा एकदा करा' असे सांगण्याची सोय नसते. कार्यालयातील उजेड अपुरा आणि नाना रंगांचा. अशा वेळी लेन्सचे छिद्र पूर्ण उघडावे लागते आणि फोकसची खोली बोटभर उरते. डी७००वर वधूच्या डोळ्यापाशी येणारा बिंदू निवडून थेट चित्र घेता येई. ५डी मार्क २चे कडेचे बिंदू मंद प्रकाशात अडखळत. म्हणून मधल्या बिंदूने फोकस करून मग कॅमेरा किंचित वळवावा लागे, आणि त्या वळवण्यात बोटभर खोलीचा फोकस डोळ्यावरून कानावर जाई. मात्र त्याच लग्नातील दोन्ही घरच्या साठ-सत्तर माणसांचा एकत्र फोटो भिंतीवर मोठा करून लावायचा असेल, तर मागच्या रांगेतील आजोबांचा चेहरा कॅननच अधिक नीट राखी.

खेळांच्या बाबतीत निकॉनची बाजू उघड आहे, पण तिचेही प्रमाण समजून घ्यावे. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. सेकंदाला ३.९ चित्रे काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये तो सुमारे दहा मीटर, म्हणजे अर्धी खेळपट्टी, पार करतो. आठ चित्रे काढणाऱ्याच्या दोन चित्रांमध्ये पाच मीटर. म्हणजे केवळ वेगाच्या भरवशावर बॅटला लागणारा चेंडू कोणत्याच कॅमेऱ्याला हमखास मिळत नाही. तो मिळतो छायाचित्रकाराच्या अदमासाला. वेगवान कॅमेरा त्या अदमासातील चूक थोडी पोटात घालतो, इतकेच.

निसर्गदृश्यांसाठी कॅनन. पावसाळ्यात सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावरून दरी पाहताना गवताची पाती, कातळावरील ओघळ आणि ढगांच्या कडा हाच विषय असतो. तेथे फोकसचे ५१ बिंदू निरुपयोगी आणि एकवीस मेगापिक्सेल सार्थ. तथापि कॅननच्या सेन्सरची एक दुखरी बाजू होती. चित्रातील गडद भाग संगणकावर फार उजळवले की त्यांत पट्ट्यापट्ट्यांचा दोष उमटे. जाणकार यावर कमी-अधिक प्रकाशाची दोन-तीन चित्रे घेऊन ती जोडण्याचा उपाय करीत. आणखी एक विनोद असा की रुंद कोनाच्या लेन्सांमध्ये त्या काळी नावाजलेली १४-२४ मिलिमीटरची लेन्स निकॉनची होती, आणि कित्येक कॅननधारक अडॅप्टर लावून ती आपल्या कॅमेऱ्यावर चढवीत.

व्यक्तिचित्रांत निवड लेन्सवर ठरे. कॅननच्या माऊंटचे तोंड ५४ मिलिमीटर व्यासाचे, निकॉनचे ४४. कॅननने १९८७ साली जुने माऊंट टाकून देऊन नवे आणले तेव्हा जुन्या ग्राहकांनी बोटे मोडली होती. परंतु त्या रुंद तोंडामुळेच स्वयंचलित फोकस असलेल्या ८५ मिलिमीटर एफ/१.२ सारख्या लेन्स कॅननकडे होत्या आणि निकॉनकडे नव्हत्या. उलट निकॉनने १९५९ सालचे माऊंट टिकवले. डी७००च्या पोटात मोटार असल्याने जुन्या स्वयंचलित लेन्स त्यावर चालत, आणि त्याहून जुन्या हाताने फिरवावयाच्या बऱ्याच लेन्सना प्रकाशमापनही मिळे. वडिलांची लेन्स मुलाच्या कॅमेऱ्यावर बसणे ही निकॉनच्या घरातील रीत होती.

पक्षी व वन्यप्राणी यांच्यासाठी दोन्हीही पहिली पसंती नव्हेत. त्या कामाला लहान सेन्सरचा निकॉन डी३०० किंवा पुढे आलेला कॅनन ७डी अधिक सोयीचा. डी७००ला लहान चौकटीवर आणले तर चित्र ५.१ मेगापिक्सेलवर उतरे. ५डी मार्क २च्या चित्राचा मधला भाग कापून घेण्यास अधिक वाव होता, पण उडता पक्षी त्याच्या फोकसला सहजी सापडत नसे.

मंद प्रकाशाविषयी मात्र एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मोठा पिक्सेल म्हणजे कमी दाणेदार चित्र, म्हणून निकॉन अंधारात फार पुढे, असे त्या वेळी सर्रास म्हटले जाई. पडद्यावर दोन्ही चित्रे पूर्ण आकारात पाहिली तर तसे दिसेही. परंतु दोन्ही चित्रे एकाच मापाच्या कागदावर छापली की कॅननचे बारीक दाणे एकमेकांत मिसळून जात आणि उरलेला फरक अर्ध्या स्टॉपहूनही कमी असे. अंधारात डी७०० सरस होता याचे मोठे कारण तो अंधारातही फोकस करी, हे होते.

तक्त्याबाहेरचे बटण

येथवरची तुलना २००८ सालच्या कोणत्याही जाणकाराने केली असती. इतिहासाने मात्र निराळ्याच गोष्टीला महत्त्व दिले. ५डी मार्क २मध्ये पूर्ण एचडी चलच्चित्रण होते. एसएलआरमध्ये ही सोय पहिल्यांदा आणली ती निकॉननेच, ऑगस्ट २००८ मध्ये, डी९० या स्वस्त कॅमेऱ्यात. पण त्याचा सेन्सर लहान आणि चित्र ७२० रेषांचे. कॅननची चौकट पूर्ण होती. त्या काळचे सामान्य व्हिडिओ कॅमेरे नखाएवढे सेन्सर वापरीत, त्यामुळे त्यांच्या चित्रात पुढचे-मागचे सारेच रेखीव येई. चेहरा स्पष्ट आणि पार्श्वभूमी विरघळलेली, ही चित्रपटाची खूण महागड्या यंत्रांनाच साधत असे. ती आता २,६९९ डॉलरच्या कॅमेऱ्यात आली.

सप्टेंबर २००८ मध्येच व्हिन्सेंट लाफोरे या वृत्तछायाचित्रकाराने बाजारात येण्यापूर्वीचा कॅमेरा हाती मिळवून न्यूयॉर्कच्या रात्रीत 'रेव्हरी' हा छोटा चित्रपट काढला, आणि चित्रपटवाल्यांचे कान टवकारले. मूळ कॅमेऱ्यातील ही सोय अगदीच कच्ची होती. वेग सेकंदाला ३० चौकटींचाच, प्रकाशाचे नियंत्रण कॅमेऱ्याच्या मर्जीने, आणि एका वेळचे चित्रण सुमारे बारा मिनिटांत संपणारे. कॅननने जून २००९ मध्ये प्रकाशाचे नियंत्रण माणसाच्या हाती दिले आणि मार्च २०१० मध्ये चित्रपट व दूरचित्रवाणी यांना लागणारे २४ व २५ चौकटींचे वेग दिले. मे २०१० मध्ये 'हाऊस' या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग ५डी मार्क २वर चित्रित होऊन प्रसारित झाला.

आपल्याकडेही याचे पडसाद उमटले. अमोल गुप्ते यांचा 'स्टॅनले का डब्बा' हा २०११ सालचा चित्रपट कॅनन ७डी या ५डीच्या धाकट्या भावंडावर चित्रित झाला. मोठा चित्रपट कॅमेरा पाहिला की मुले बिचकतात; फोटोच्या कॅमेऱ्यापुढे त्यांना तसे वाटत नाही. त्या चित्रपटातील मुलांच्या वागण्यातील सहजतेचे काही श्रेय या लहान यंत्रालाही द्यावे लागेल. लग्नाच्या व्हिडिओचे रूप तर या कॅमेऱ्यांनी आमूलाग्र पालटले.

तपशिलाच्या घराण्यासाठी घडलेला कॅमेरा अशा रीतीने तिसऱ्याच कलेच्या घरी जाऊन बसला, आणि २००८ सालच्या तुलनांत ज्याला पुरवणीची ओळ म्हणून स्थान होते त्या बटणाने सर्वांत दूरगामी परिणाम घडवला.

अदलाबदल आणि अखेर

चार वर्षांनी आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी निकॉनने डी८०० जाहीर केला : ३६.३ मेगापिक्सेल, सेकंदाला ४ चित्रे, पूर्ण एचडी चलच्चित्रण. २ मार्च २०१२ रोजी कॅननने ५डी मार्क ३ आणला : २२.३ मेगापिक्सेल, फोकसचे ६१ बिंदू, सेकंदाला ६ चित्रे. म्हणजे दोघांनी जागा बदलल्या. निकॉन तपशिलाकडे गेले आणि कॅनन क्षणाकडे. प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्याच्या तक्त्यातील मोठा आकडा पाहून आपली उणीव भरून काढली. यात गोची झाली ती निष्ठावंतांची. दहा वर्षे जमवलेल्या लेन्ससह जे क्षणाच्या घराण्यात नांदत होते, त्यांना आपले घर मोठ्या फायलींचे आणि मंद गतीचे झालेले दिसले. 'डी७००चा खरा वारस कोठे?' हा प्रश्न निकॉनवाले त्यानंतर कित्येक वर्षे विचारीत राहिले.

ऑगस्ट २०१७ मध्ये निकॉन डी८५० आला : ४५.७ मेगापिक्सेल आणि सेकंदाला ७ चित्रे, बॅटरीच्या मुठीसह ९. येथे वाद जवळजवळ मिटला. पुढच्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी आरसाच काढून टाकून नवे माऊंट आणले. २०२१ सालच्या निकॉन झेड९मध्ये ४५.७ मेगापिक्सेलची वीस कच्ची चित्रे एका सेकंदात निघतात आणि यांत्रिक पडदाही उरलेला नाही. एकवीसपेक्षा दुपटीहून अधिक तपशील आणि आठपेक्षा अडीचपट वेग, तोही एकाच देहात. आता घराणे निवडण्याची आवश्यकता राहिली नाही.

ही प्रगती आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ३० मे २०१३ रोजी 'शिकागो सन-टाइम्स' या वृत्तपत्राने आपला संपूर्ण छायाचित्रण विभाग, २८ माणसे, एका दिवसात काढून टाकला. त्यांत पुलित्झर पारितोषिक मिळवलेले जॉन एच. व्हाइटही होते. वाचकांना आता अधिक चलच्चित्रे हवी आहेत, असे कारण व्यवस्थापनाने दिले. वृत्तपत्रांच्या घसरत्या उत्पन्नाचा दोष एका कॅमेऱ्याच्या माथी मारणे अर्थातच अन्यायाचे होईल. तरीही छायाचित्रकार म्हणजे जो काही समोर आहे ते सारे, स्थिर असो वा चल, गोळा करून आणणारा माणूस, ही समजूत ज्या यंत्रांनी सुलभ केली त्यांत ५डी मार्क २ अग्रभागी होता. सारे गोळा करणे हेच काम असेल तर ते कोणीही करील, हा पुढचा हिशेब व्यवस्थापनाने केला.

२००८ सालच्या निवडीत एक शिस्त दडलेली होती असे आम्हांस वाटते ते याच कारणाने. डी७०० घेणाऱ्याने बारा मेगापिक्सेलची मर्यादा पत्करली होती. म्हणून तो चित्र नंतर कापता येईल या भरवशावर राहत नसे, दोन पावले पुढे जात असे. ५डी मार्क २ घेणाऱ्याने मंद फोकस पत्करला होता. म्हणून तो आधी उभे राहण्याची जागा शोधी आणि माणसे तेथे येण्याची वाट पाही. दोघांनाही काय सोडायचे हे बटण दाबण्यापूर्वी ठरवावे लागे. आज तो निर्णय बटण दाबल्यानंतर, संगणकापुढे, शेकडो सारख्या चित्रांतून एक वेचताना घेतला जातो. वेचण्यातही कौशल्य आहे, पण ते संपादकाचे कौशल्य आहे, आणि संपादकाला घटनास्थळी हजर असावे लागत नाही.

हे दोन्ही कॅमेरे जुन्या बाजारात अजून मिळतात, आणि नव्याने शिकणाऱ्याला आम्ही ते आजही सुचवू. घेताना पडदा किती वेळा उघडला-मिटला आहे ते पाहावे, कारण दोहोंचे पडदे दीड लाख चित्रांच्या कसोटीचे आहेत. मुठीचे रबर सुटले आहे का तेही पाहावे, आणि कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड व ते वाचणारे साधन आपल्यापाशी आहे याची खात्री करावी. कपाटात निकॉनच्या जुन्या, स्वतःची मोटार नसलेल्या लेन्स असतील तर डी७००च घ्यावा. निकॉनच्या नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यांवर कंपनीच्या स्वतःच्या अडॅप्टरने त्यांचा स्वयंचलित फोकस चालत नाही. पैसे मोजण्यापूर्वी मात्र आकड्यांचा तक्ता मिटून ठेवावा आणि आपण गेल्या वर्षभरात काढलेली, पण मनासारखी न आलेली दहा-वीस चित्रे समोर मांडावीत. त्यांत क्षण निसटला आहे की तपशील, हे ज्याला सांगता येईल त्याची निवड तेथेच झालेली असते.